खाणीतला खडक कुठे तडकला?

जुईनगरच्या स्थानकावर ठाण्याकडे जाणारी लोकल पकडली, की पुढचेच स्थानक तुर्भे. पण मराठीत तुर्भे दोन आहेत. दुसरे खाडीच्या पलीकडे, मुंबईच्या बाजूला आहे. इंग्रजीत त्यालाच ट्रॉम्बे म्हणतात. त्या तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुशक्तीचा अभ्यास करणारे हे केंद्र आणि कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी, यांचा एकमेकांशी काय संबंध असेल? संबंध आहे, आणि तो जमिनीतून धावणाऱ्या कंपनांचा आहे.

कोलारला १८८० साली जॉन टेलर यांच्या ब्रिटिश कंपनीने आधुनिक पद्धतीने खाणकाम सुरू केले. सोन्याची शीर जमिनीत तिरकी खोल जात होती, तिच्या मागोमाग माणसेही खोल गेली. 'चॅम्पियन रीफ' ही खाण तर ३ किलोमीटरांहून अधिक खोल झाली. जगातील अतिशय खोल खाणींत तिची गणना होई.

एवढ्या खोलीवर काय परिस्थिती असते, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. १ चौरस सेंटिमीटर पाया असलेला, ३ किलोमीटर उंचीचा खडकाचा खांब डोळ्यांपुढे आणा. त्याचे घनफळ ३,००,००० घन सेंटिमीटर. खडकाची घनता २.९ धरली, तर वजन झाले ८७० किलोग्रॅम. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एका लहान मोटारगाडीचा भार! खडक जोवर एकसंध आहे, तोवर हा भार सगळीकडे वाटला जातो. आपण मध्ये बोगदा खणला, की काढलेल्या खडकाने पेललेले ओझे शेजारच्या खडकावर पडते. जड बाक चौघांनी उचलला असता एकाने हात काढून घेतला, तर उरलेल्या तिघांचे काय होते ते तुम्हाला माहीत आहेच.

मऊ खडक अशा वेळी हळूहळू फुगतो, दबतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ. प्लॅस्टिकची फूटपट्टी वाकवत नेली तर ती बराच वेळ काही बोलत नाही, मग एकदम काडकन मोडते आणि तुकडा उडतो. खाणीतही तसेच होते. भिंतीचा खडक क्षणात फुटतो आणि बोगद्यात फेकला जातो. याला शिलास्फोट म्हणतात. यात दारूगोळ्याचा काही संबंध नसतो, वाकलेल्या पट्टीप्रमाणे खडकात साठलेली ऊर्जाच बाहेर पडते. कोलारच्या कितीतरी कामगारांचे प्राण या शिलास्फोटांनी घेतले.

मग त्यांचा अभ्यास कसा करायचा? फुटलेल्या जागी जाऊन पाहणे धोक्याचे, आणि खडक फुटण्याआधी आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसतही नाही. पण ऐकू येते. कोलारला १९१२ सालीच एक भूकंपलेखक यंत्र बसवले होते. धक्का बसला, एवढे ते सांगे. मात्र मैलोगणती पसरलेल्या बोगद्यांत तो नेमका कुठे बसला, हे एकट्या यंत्राला सांगता येत नसे.

आता तुर्भ्याकडे येऊ. दुसऱ्या देशाने जमिनीखाली अणुस्फोट केला तर तो दूरवरून ओळखता यावा, यासाठी १९६५ साली ब्रिटनच्या सहकार्याने गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची मालिका उभारण्यात आली. भाभा केंद्राचे शास्त्रज्ञ ती चालवू लागले. हे गाव कोलारच्या खाणींपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. अणुस्फोटांसाठी लावलेल्या या कानांना खाणीतले मोठे शिलास्फोटही ऐकू येत.

पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू येतो, यावरून ती किती दूर पडली ते आपण ओळखतो. येथेही तीच युक्ती आहे. खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर धावतात. ४२ किलोमीटरांवरच्या यंत्राकडे पहिली ७ सेकंदांत पोचेल, दुसरी १२ सेकंदांत. म्हणजे फरक ५ सेकंदांचा. फरक १४ सेकंदांचा असेल, तर अंतर किती? त्रैराशिक मांडा. सुमारे ११८ किलोमीटर येईल.

पण खाणीच्या अभियंत्याला एवढ्याने भागत नाही. त्याला कोणत्या पातळीवरचा कोणता खांब फुटला ते हवे असते. म्हणून १९७८ साली भाभा केंद्र आणि भारत गोल्ड माइन्स ही कंपनी यांनी मिळून खाणीच्या परिसरातच जिओफोनचे जाळे बसवले. जिओफोन म्हणजे जमिनीची सूक्ष्म थरथर विजेच्या संकेतात बदलणारे उपकरण. एकाकडे कंपने वाचण्याची विद्या होती, दुसऱ्याकडे खाणीचे नकाशे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता.

जाळे जागा कशी शोधते, ते आलेखकागदावर स्वतः करून पाहा. १ सेंटिमीटर म्हणजे ३०० मीटर धरा. लहर सेकंदाला ६ किलोमीटर धावते, म्हणून १ सेंटिमीटर जायला तिला सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे ५० मिलिसेकंद लागतात. 'अ' जिओफोन (०, ०) येथे, 'ब' (७, ४) येथे आणि 'क' (३, १०) येथे मांडा. धक्का प्रथम 'ब'ला कळला, ५० मिलिसेकंदांनी 'अ'ला आणि १०० मिलिसेकंदांनी 'क'ला. खडक नेमका केव्हा फुटला, हे ठाऊक नाही. तेव्हा 'ब'भोवती अंदाजाने एक वर्तुळ काढा, 'अ'भोवती त्याहून १ सेंटिमीटर मोठ्या त्रिज्येचे आणि 'क'भोवती २ सेंटिमीटर मोठ्या त्रिज्येचे. तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळेपर्यंत 'ब'ची त्रिज्या बदलत राहा. ती ४ सेंटिमीटर होईल तेव्हा तिघे (३, ४) या बिंदूत भेटतील. खडक तिथे फुटला. कागद सपाट आहे म्हणून तीन जिओफोन पुरले, खोलीही शोधायची तर चौथा हवा. आणि घड्याळ एका मिलिसेकंदाने चुकले, तर अंतरात ६ मीटरांची चूक येते, हे विसरू नका.

अशा शेकडो बिंदूंचा नकाशा झाला, की खाणीचा कुठला भाग अस्वस्थ आहे ते दिसू लागते. एखाद्या भागात लहान लहान धक्क्यांची संख्या वाढली, तर कामगारांना तेथून दूर ठेवता येते. कोणत्या खांबावर भार साचतो आहे ते कळले, की कुठला भाग आधी खणायचा आणि कुठला नंतर, तो क्रम बदलता येतो.

नफ्याचा प्रश्न येथेच येतो. कोलारला सुरुवातीच्या काळात टनामागे ४७ ग्रॅमपर्यंत सोने मिळे, शेवटी ते ३ ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे पूर्वी तोळाभर सोन्याला पाव टन खडक पुरे, नंतर जवळजवळ ४ टन लागू लागला. ३ किलोमीटर खोलीवरून १ टन खडक नुसता वर उचलायलाच किमान ८ युनिट वीज लागते. अशा खाणीत एक बोगदा ढासळून काम अडले, की खर्च तसाच चालू राहतो आणि उत्पन्न थांबते. भीतीपोटी जाड खांब सोडले, तर त्यातले सोने कायमचे आत राहते. बारीक ठेवले, तर तेच फुटतात. खांब किती जाडीचा ठेवावा, या एका प्रश्नात माणसाचा जीव आणि कंपनीचा हिशेब दोन्ही गुंतलेले आहेत. सुरक्षिततेवरचा खर्च म्हणजे नफ्यातली घट, असे म्हणणाऱ्यांनी खोल खाण पाहिलेली नसते, असे मला वाटते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खडक कुठे फुटेल याचा अंदाज देता येतो, पण अमुक दिवशी अमुक वाजता फुटेल, असे आजही कोणी सांगू शकत नाही.

कोलारच्या खाणी फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाल्या. १९८८ साली तेथे स्थापन झालेली राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था मात्र पुढे बंगळूरुहून काम करत राहिली. बोगदे आणि जलविद्युत प्रकल्पांच्या भूमिगत दालनांसाठीही तिचे ज्ञान लागते. दक्षिण आफ्रिकेतील खाणी तर ४ किलोमीटरांच्या आसपास पोचल्या. तेथे १९९८ साली खाण कंपन्या, संशोधन संस्था आणि विद्यापीठे एकत्र येऊन 'डीपमाइन' नावाचे संशोधन सुरू झाले. ३ ते ५ किलोमीटर खोलीवर सुरक्षितपणे आणि किफायतशीर खाणकाम कसे करावे, हाच त्याचा विषय होता.

आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे मँगनीजच्या भूमिगत खाणी आहेत. कोलारच्या मानाने त्या उथळ आहेत, म्हणून तेथे शिलास्फोटापेक्षा छत आणि बाजू ढासळण्याची काळजी जास्त. खनिज काढून झाले, की मोकळ्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून काढतात. पाणी निथळते, वाळू घट्ट बसते, आणि तिच्यावरच उभे राहून कामगार वरचा थर खणू लागतात.