पहिल्यांदा कोंबडी बसवताना

कोंबडी खुडूक झाली, की हाताशी येतील ती अंडी तिच्याखाली ठेवली जातात. मग बरीच कुजतात आणि दोष कोंबडीला मिळतो. आमच्याही घरी पहिल्या खेपेस असेच झाले. म्हणून ही माहिती.

अंडी : कळपात कोंबडा असेल तरच अंडी फळतात, पोल्ट्रीच्या खाण्याच्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. मध्यम आकाराची, न तडकलेली, आठवड्याच्या आतील अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत, फ्रिजमध्येही ठेवू नयेत. गावठी कोंबडीला 10 ते 12 अंडी पुरतात.

जागा : शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत कोरडा पेंढा पसरावा. आधी कोंबडीच्या पिसांत उवा नाहीत ना, ते पाहावे. सगळी अंडी एकदम, रात्री ठेवावीत. दाणा-पाणी जवळच असावे. ती रोज थोडा वेळ उठते, त्याने अंडी बिघडत नाहीत.

तपासणी : सातव्या रात्री अंधारात अंड्याला टॉर्च लावावी. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले, तर जीव धरला आहे. अगदी स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे. 18 व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

पिल्ले : साधारण 21 व्या दिवशी कवचाला टोचा पडतो. तेथून बाहेर यायला पिल्लाला कधी 24 तासही लागतात. आम्हाला दया आली आणि आम्ही नखाने कवच सोलले. आतल्या पडद्यातून रक्त आले आणि दोन पिल्ले दगावली. त्या वेळात पिल्लू पडद्यातील रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. त्या बलकावर ते पहिला दिवस काढते. म्हणून दाण्याची घाई नको.

पुढे : बारीक कणी आणि उथळ भांड्यात पाणी द्यावे. पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लस घ्यावी. पिल्लांना हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

जेरुसलेमविषयीची कळकळ सांगताना प्रभू येशूने पंखांखाली पिल्ले गोळा करणाऱ्या कोंबडीचीच उपमा दिली (मत्तय 23:37). तिचे काम तिलाच करू द्यावे. आपण राखण करावी आणि धीर धरावा.