सिझरच्या व्रणात गर्भ : सोनोग्राफीआधी गोळी नको

आधीचे बाळंतपण सिझरने झालेले. पुन्हा पाळी चुकते, थोडे अंगावर जाऊ लागते. घरातले म्हणतात, ‘मेडिकलमधून गोळ्या आण’ किंवा ‘पिशवी साफ करून घे’. वॉर्डात काम करताना आम्ही हे पुष्कळदा ऐकले. एका दुखण्यात हीच घाई जिवावर बेतू शकते.

सिझरमध्ये गर्भपिशवीला छेद देऊन टाके घालतात. जखम भरली तरी व्रण राहतो. क्वचित, सुमारे दोन हजार गरोदरपणांत एकदा, नवा गर्भ पोकळीत न रुजता या व्रणातच रुजतो. तिथली भिंत पातळ आणि पुढे लगेच लघवीची पिशवी. गर्भ वाढला तर भिंत फाटू शकते, वार खोल रुतू शकते. रक्तस्राव थांबला नाही तर गर्भपिशवीच काढावी लागते.

काहींना रक्तस्राव होतो, ओटीपोटात दुखते. अनेकींना काहीच त्रास नसतो. लघवीच्या तपासणीत हा फरक कळत नाही. त्यासाठी सहाव्या-सातव्या आठवड्यात योनिमार्गातून सोनोग्राफी करतात. पोकळी रिकामी आहे का, गर्भ व्रणात आहे का, लघवीच्या पिशवीपर्यंत भिंत किती उरली, हे त्यात दिसते. ‘गर्भ खाली आहे’ किंवा ‘गर्भपात होतो आहे’ अशी गफलत होऊ शकते; म्हणून आधीचे सिझर आवर्जून सांगा, जुने कागद सोबत न्या.

उपचार रक्ताची आणि ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयातच घ्यावेत. गर्भ किती वाढला त्यावर उपाय ठरतो : गर्भाच्या पिशवीत मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन, सोनोग्राफीत पाहत सक्शन, किंवा दुर्बिणीने अथवा पोट उघडून गर्भ काढून व्रणाची दुरुस्ती. न पाहता केलेल्या क्युरेटिंगने भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. नंतर रक्तातील एचसीजी उतरेपर्यंत तपासण्या चुकवू नका. पुढचे मूल कधी, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणखी एक. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याच्या सहीसाठी थांबू नका.

पोटात अचानक कळ, चक्कर, पॅड भराभर भिजणे : लगेच १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.