तो सोडून पळाला, तर पळू द्या

शोधकुत्रा धुक्यातून येतो, तुमच्याभोवती चक्कर मारतो, सॅक हुंगतो आणि आला तसा पळून जातो. वाट चुकून दमलेल्या माणसाला वाटतं, झालं, हाही गेला! पण तो गेलेला असतो तुमची खबर द्यायला.

ब्रिटनच्या डोंगरांत ही पद्धत रुळलेली आहे. गिर्यारोहक हॅमिश मॅकइनेस यांनी १९६५ साली स्कॉटलंडमध्ये शोधकुत्र्यांची संघटना उभी केली. तिथे कुत्रा मोकळा सोडतात. वाऱ्यावर येणारा माणसाचा वास धरत तो हँडलरच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसाच्या, बराच पुढे निघून जातो. माणूस सापडला की उलटा धावतो, हँडलरपुढे भुंकतो आणि वळून पुन्हा तुमच्याकडे येतो. हँडलर पोहोचेपर्यंत ही ये-जा चालूच राहते.

म्हणून त्याचा पट्टा धरून ठेवू नका, बिस्किटं दाखवून रेंगाळवू नका आणि मुख्य म्हणजे त्याच्या मागे जाऊ नका. तो ज्या घळीतून सुळकन उतरेल, तिथून तुम्हाला उतरता येईलच असं नाही. शिवाय तो हँडलरला घेऊन जिथे येणार, तिथे तुम्ही हवेत ना? बसल्या जागी शिट्टी वाजवा. तिकडचा संकेत मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा.

युरोपात काही कुत्र्यांच्या गळ्यात छोटा दांडा लोंबत असतो. माणूस सापडला की कुत्रा तो तोंडात धरून मुकाट्याने परततो. हँडलरला तेवढ्यावरून कळतं. आपल्यासाठी काहीतरी आणलंय असं समजून तो ओढून घेऊ नका.

ढिगाऱ्यात काम करणारे कुत्रे मात्र जागा न सोडता भुंकतात. २०२३च्या तुर्कस्तानातल्या भूकंपात एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली या कुत्रीने असंच भुंकून सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा दिला. मग दुसऱ्या कुत्र्याला, रोमिओला, पाठवून खात्री करून घेतली. तेव्हा भुंकणं म्हणजे अंगावर येणं नव्हे. कुत्र्याची भीती वाटत असेल तर हात खाली ठेवून स्तब्ध राहा. काठी उगारू नका.

हरवलेला कोण आणि डबा खात बसलेला कोण, हे वासावर फिरणाऱ्या कुत्र्याला कळत नाही. परदेशी डोंगरात तुम्ही निवांत बसलेले असताना असा कुत्रा येऊन गेला, तर हँडलरची वाट पाहा आणि ‘मी सुखरूप आहे’ एवढं सांगा.

सह्याद्रीत हरवलेल्यांना शोधायला बहुधा गिर्यारोहकांची पथकं आणि गावकरीच येतात. गडावर भेटणारा वाघ्या कुत्रा बिस्किटांवर नजर ठेवून सोबत करतो. सोबत झकास, पण वाटाड्या म्हणून त्याच्यावर विसंबू नका. तो त्याच्या घरी जातो, तुमच्या नाही.

शोधकुत्र्याचा हँडलर आला की आधी सोबत्यांचं सांगा: किती जण होतात, कोण कुठे मागे राहिलं, शेवटचं कधी दिसलं. कुत्र्याला पुढे कुठे सोडायचं, हे त्यावर ठरतं.