'वाराणसी'ची अक्षरे किती?

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात पेशवाईपासूनची मराठी वस्ती आहे. माझ्या मामांचे घर तिथेच. काशीयात्रेला येणारे लोक त्यांच्या चार खोल्यांत उतरतात आणि सगळी नोंद एका जाड वहीत होते. मे २०२४ च्या सुट्टीत मी ऐटीत म्हणालो, "मामा, मी तुम्हाला वेबसाइट करून देतो."

असे काम एका भाषेत भागत नाही. पडद्यावरचा फॉर्म एचटीएमएलमध्ये. तो भरताना तिथल्या तिथे चूक दाखवते ती जावास्क्रिप्ट. ती पाहुण्यांच्या मोबाइलवर चालते. माहिती सर्व्हरवर पोहोचली की तपासते पीएचपी. मग मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायचे ते एसक्यूएलमध्ये. जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि मायएसक्यूएल तिन्ही १९९५ सालची. एसक्यूएल त्यांच्याहून वीसेक वर्षांनी थोरली. सगळ्यांचे व्याकरण मी घोटले होते. एकीकडून दुसरीकडे जाताना माहितीचे काय होते, ते मात्र पाहिले नव्हते.

गावाच्या नावाला मी २० अक्षरांची मर्यादा घातली. नाशिक, सातारा लिहून पाहिले, चालले. पहिलेच पाहुणे निघाले कोल्हापूरचे. मोबाइल म्हणे ठीक, सर्व्हर म्हणे नाव फार लांब! मी 'वाराणसी' टाकले, तर तेही नाकारले. काशीत बसून वाराणसी लिहिता येईना.

डोळ्यांना 'वाराणसी'त चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये व, काना, र, काना, ण, स, दुसरी वेलांटी असे सात संकेत होतात, आणि जावास्क्रिप्ट सातच मोजते. पीएचपीचे स्ट्रलेन मोजते बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस! सातारा अठरावर सुटला होता. स्ट्रलेनच्या जागी एमबी_स्ट्रलेन लिहिले आणि प्रश्न मिटला.

ही चूक निदान ओरडली तरी. दुसरी गप्प बसली.

तोवर पाहुणे तारीख हाताने लिहीत. निघण्याआधी मी शोभेसाठी फॉर्मला कॅलेंडर जोडले. पावसाळ्यात पाहुणे थोडे, तेही फोनवर ठरवून आलेले. कॅलेंडर पहिल्यांदा वापरले ते पुण्याच्या एका आजी-आजोबांनी, देवदिवाळीसाठी, १५ नोव्हेंबरला. जावास्क्रिप्ट दिवस एकपासून मोजते, पण महिने शून्यापासून. परेडवर 'गिनती कर' म्हटल्यावर पहिल्याने 'शून्य' म्हणावे, तसे. तिच्या लेखी नोव्हेंबर म्हणजे १०. मी तो आकडा तसाच पुढे पाठवला. पीएचपी आणि मायएसक्यूएल दोघांच्या लेखी १० म्हणजे ऑक्टोबर. १५ ऑक्टोबर ही तारीख खरीच असल्याने कोणीही हरकत घेतली नाही. चाचणीत मी ३१ ऑक्टोबर टाकला असता तर त्याचा ३१ सप्टेंबर झाला असता आणि बिंग फुटले असते. मी 'खोली आरक्षित झाली' हा संदेश पाहिला आणि खूश झालो. डेटाबेसमधली ओळ उघडून वाचली नाही.

ऑक्टोबरमध्ये मामांनी खोली रिकामी ठेवली. कोणी आले नाही, तेव्हा बेत रद्द झाला असे त्यांनी धरले. १५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, घाट दिव्यांनी भरलेले असताना, आजी-आजोबा पिशव्या घेऊन दारात उभे! एकही खोली शिल्लक नव्हती. मामांनी त्यांना स्वतःची खोली दिली आणि दोघे गच्चीवर झोपले. रविवारच्या फोनवर मामी हे हसत सांगत होती. मला हसू आले नाही.

आता महिना सुटा आकडा म्हणून कुठेच जात नाही. पूर्ण तारीख '२०२४-११-१५' अशी मजकूर म्हणूनच मोबाइलवरून डेटाबेसपर्यंत जाते. चाचणीत मी कोल्हापूर, ३१ तारीख आणि जानेवारी हे तिन्ही टाकतो, आणि नोंद झाली की डेटाबेसमधली ओळ फॉर्मशी ताडून पाहतो.

मामी अजूनही रोज रात्री वेबसाइटवरच्या नोंदी वहीत उतरवते. मी तिला थांबवलेले नाही.