अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि कामगार चळवळ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचा एक अभ्यास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे संविधानाचे शिल्पकार आणि धम्मचक्राचे प्रवर्तक म्हणून आपणां सर्वांना वंदनीय आहेत. ते मुळात अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, हे मात्र आपण जयंतीच्या भाषणापुरतेच उच्चारतो. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर त्यांचे अप्रकाशित कागद दीर्घकाळ न्यायालयीन अभिरक्षेत राहिले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या खंडांतील कामगारविषयक लेखन आपल्या भूम परिसराच्या संदर्भात वाचून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पहिला निबंध १९१८ चा, भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावरचा आहे. जमिनीचे तुकडे लहान झाले म्हणून शेती तोट्यात जाते, म्हणून तुकडे एकत्र करावेत, असे त्या काळचे विद्वान सांगत. बाबासाहेबांनी हा युक्तिवाद उलटा केला. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल, अवजारे आणि श्रम कोणत्या प्रमाणात लागतात, यावरून ठरते. आपल्याकडे भांडवल तोकडे आणि जमिनीवर विसंबलेली माणसे अधिक. त्यांपैकी कित्येकांना शेतीत खरे काम नसते, पण पोट मात्र त्याच शेतीवर असते. हे वरकड श्रम उद्योगधंद्यांत नेल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परंतु खेड्यातला माणूस गिरणीत गेला म्हणजे मुक्त झाला काय? मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. म्हणजे जात ही केवळ श्रमांची वाटणी नव्हती. ती श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडीत होती. म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपावर निर्बंध घालणाऱ्या या विधेयकाला स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने त्यांनी विधिमंडळात विरोध केला. काम थांबविणे हा फार तर कराराचा भंग होय; त्यासाठी माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला इच्छेविरुद्ध राबविणे, अर्थात गुलाम करणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह अन्य कामगार संघटनांना बरोबर घेऊन त्यांनी एक दिवसाचा संप घडविला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बाबासाहेबांनी चौदा तासांचा दिवस आठ तासांवर आणला, असे आपण ऐकतो. कायद्याचे कागद अधिक नेमके बोलतात. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तास होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. हंगामी कारखान्यांत ६० चे ५० झाले. १९४५ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा मिळाली. प्रा. बी. पी. अडारकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. बाबासाहेबांचे मोठेपण अतिशयोक्तीवर अवलंबून नाही. आकडे जसेच्या तसे मांडले तरी ते उणे होत नाही.

आता भूमकडे वळू. १९३८ साली हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. मुंबईच्या विधिमंडळातील ती लढाई येथवर पोहोचली नाही. आज बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाहिली, की १९१८ चा निबंध आपल्या शिवाराविषयीच लिहिला असावा असे वाटते. जमीन थोडी, पाणी त्याहून थोडे, भांडवलाच्या जागी मुकादमाची उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक दिवस चुकला तर खाडा पडतो. ज्या साखर कारखान्याच्या फाटकाआत कामाचे तास ठरलेले आहेत, त्याच कारखान्यासाठी फाटकाबाहेर ऊस तोडणाऱ्याला मात्र घड्याळ नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. फडातील बाईपर्यंत ती रजा व्यवहारात अद्याप पोहोचलेली नाही. कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबला, आणि त्याला पुढे नेण्याचे काम आपल्या पिढ्यांवर आले.

या ठिकाणी निवासी शाळेचे महत्त्व ध्यानात येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. अडतीस वर्षांनी त्याच तारखेला तो विद्यार्थी कामगारांच्या संपाचे नेतृत्व करीत होता. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या वाड्यावस्त्यांवरून कोयते बाहेर पडतात. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल सहामाहीनंतर वर्गात दिसत नाही. वसतिगृहात राहिलेले मूल मार्चमध्ये परीक्षेला बसते. एका कुटुंबापुरते तरी मुकादमाच्या वहीतील नाव पुढच्या पिढीत न चढणे, ही या शाळेची कमाई होय.

माजी विद्यार्थ्यांना नम्र सूचना एवढीच, की हे खंड आपापल्या गावच्या विहारात असावेत आणि पूजनाबरोबर त्यांचे वाचनही व्हावे. प्रारंभ विधिमंडळातील भाषणांपासून करावा. ज्यांचे आईवडील आजही फडावर जातात, त्या मुलांना ती भाषणे समजावून सांगावी लागणार नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!