पाड्यावरची माती आणि ताटातला भात



“मातीत विष असतं म्हणतात, मग पेज प्यायची का?” असे भिवंडी तालुक्यातील पाड्यांवर मला विचारले जाते. प्रश्न रोजच्या अन्नाचा आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

आपली जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या खडकाची. त्यात क्रोमियम, निकेल, तांबे मुळातच जास्त. पण ते खनिजांत घट्ट अडकलेले असल्याने दाण्यात फार थोडे उतरते.

आर्सेनिक वेगळे. खाचरात पाणी साचले की ते मातीतून सुटते आणि भाताची मुळे ते शोषतात. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातूनही ते शेतात येते. आपल्या काळ्या खडकात मात्र ते कमीच असते. म्हणून भीतीपोटी पेज सोडू नका.

जपायचे ते असे :
१. कंद, पालेभाज्या माती निघेपर्यंत धुवा.
२. मूल माती खात असेल तर रागावू नका, दवाखान्यात दाखवा. अनेकदा अंगात रक्त कमी असते.
३. रंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी भाजीला देऊ नका. त्यात विरघळलेले धातू पीक सहज शोषते.

खडकाने धरून ठेवलेल्या धातूपेक्षा माणसाने ओतलेल्या धातूचे भय अधिक. पाड्यावर जाल तेव्हा एवढे जरूर सांगा.