दिवेलागणीनंतरची मुंबई

मुंबईच्या ध्वनिक्षेपक केंद्राचें उद्घाटन ता. २३ जुलै १९२७ रोजीं, शनिवारीं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी मंडळीनें तें उभारिलें होतें. केंद्राची शक्ति दीड किलोवॅट, म्हणजे आज घरोघरीं पाणी तापविण्याच्या यंत्रास जेवढी वीज लागते जवळजवळ तेवढीच. एवढ्या शक्तीच्या केंद्राचा आवाज खात्रीनें व स्पष्ट ऐकूं येण्याचा टापू भोंवतालीं सुमारें तीस मैल धरीत. याचा अर्थ असा कीं कल्याणच्या पलीकडे भरंवसा नाहीं. आतां आपलें सोलापूर मुंबईपासून आगगाडीच्या वाटेनें ४५५ किलोमीटर आहे; सरळ रेषेंत मोजिलें तरी सुमारें ३५५ किलोमीटर भरतें. मग हा तीस मैलांचा आवाज एवढ्या लांब यावा कसा? आणि आला तरी तो दुपारीं न येतां दिवेलागणीनंतरच कां यावा? नभोवाणीचा इतिहास वाचतांना विद्यार्थ्यांनीं पहिल्यानें हा प्रश्न विचारावयास पाहिजे. त्याचें उत्तर केवळ यंत्रांत नाहीं. तें आपल्या डोक्यावरील आकाशांत आहे.

प्रथम यंत्राकडे पाहूं. त्या काळीं ऐकण्याचीं साधनें दोन प्रकारचीं असत. एक स्फटिकाचें. शिशाच्या गॅलेना नांवाच्या चकचकीत खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचें टोंक टेकवावयाचें, एक वेटोळें, एक उंच बांधलेली तार, दुसरी जमिनींत पुरलेली, आणि कानास लावण्याचें कर्णयंत्र, झालें यंत्र. त्यास वीज लागत नाहीं, कीं बॅटरीहि लागत नाहीं. मुंबईहून आलेल्या लहरींत जी अत्यल्प शक्ति असते तीच कर्णयंत्राचा पडदा हालविते. खनिजाचा हा गुण उपयोगांत आणण्याचें पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोस यांस अमेरिकेंत १९०४ सालीं मिळालें होतें, हें येथें सांगावयास हरकत नाहीं. परंतु या यंत्रास आवाज मोठा करितां येत नाहीं, म्हणून तें मुंबईकरांच्या कामाचें, सोलापूरकरांच्या नव्हे. दूरच्या गांवास व्हॉल्व्हचें यंत्र लागे. त्याच्या काचेच्या दिव्यांतील तंतु तापविण्यास तेजाबाची जड बॅटरी व शिवाय शंभर व्होल्टच्या आसपासची कोरडी बॅटरी लागे. तेजाबाची बॅटरी उतरली कीं ती भरून आणावयाची. गाणें ऐकावयाचें तर आधीं ओझें वाहावें लागे!

आतां आकाशाकडे वळूं. मुंबई केंद्राची लहर सुमारें ३५७ मीटर लांबीची होती. प्रकाशाचा वेग सेकंदास तीस कोटि मीटर आहे. त्यास ३५७ नीं भागिलें असतां दर सेकंदास सुमारें आठ लक्ष चाळीस हजार कंपनें होतात हें समजेल. अशी लहर केंद्रापासून दोन वाटांनीं निघते. एक जमिनीलगत, ती डोंगर, माती व शहरें यांत आपली शक्ति गमावीत जाते आणि सह्याद्रि ओलांडून येईतों फारच क्षीण होते. दुसरी तिरपी वर आकाशांत जाते. पृथ्वीपासून सुमारें साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर सूर्याच्या प्रखर किरणांनीं विद्युद्भारित होतो. दिवसा हा थर मध्यम लांबीच्या लहरी गिळून टाकितो. सूर्य मावळला म्हणजे तो थर झपाट्यानें विरतो. आणि त्याच्या वर, शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर, जे दुसरे थर शिल्लक राहतात ते त्याच लहरीस आरशाप्रमाणें खालीं परतवितात. असे थर असावेत असा तर्क केनेली व हेव्हिसाइड यांनीं १९०२ सालींच केला होता. इंग्लंडांत ॲपल्टन यांनीं १९२४ च्या डिसेंबरांत प्रयोगानें तो खरा करून दाखविला, व त्याबद्दल त्यांस १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सारांश, रात्रीं मुंबईचें गाणें घाट चढून येत नसे; तें वरून उतरत असे.

याच कारणानें तें मध्येंच मावळे आणि पुनः उजळे. एकाच लहरीचे दोन भाग निरनिराळ्या वाटांनीं येतात. दोहोंच्या वाटेंत अर्ध्या लहरीचा, म्हणजे सुमारें १७८ मीटरांचा, फरक पडला कीं एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराशीं गांठतो व आवाज बुडतो. वरचे थर स्थिर नसल्यामुळें हा फरक क्षणोक्षणीं बदलतो. तान ऐन रंगांत यावी आणि नाहींशी व्हावी, यांत गवयाचा किंवा यंत्राचा दोष नसे. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचे ढग जमूं लागले म्हणजे दूरच्या विजेची कडकड गाण्यांत मिसळे, ती वेगळीच.

एक गणित करून पाहावें. ही वर जाऊन खालीं येणारी वाट सुमारें ४०७ किलोमीटर भरते. ती तुटण्यास लहरीस एका सेकंदाचा सुमारें साडेसातशेंवा भाग लागतो. तेवढ्या वेळांत हवेंतून जाणारा गवयाचा साधा आवाज कितीसा पुढें जाईल? सेकंदास ३४० मीटर या मानानें सुमारें ४६ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक हात! गवयाच्या समोरील ध्वनिग्राहकानें स्वर टिपला, कीं मागें बसलेल्या तंबोरेवाल्याच्या कानीं तो जाईतों सोलापूरच्या यंत्रांतहि तो उतरलेला असे. रात्रीच्या मेलनें जो प्रवास करावयाचा त्याची ही कथा.

अर्थात् गाणें दूर पाठविण्याची कल्पना मुंबई केंद्रानें प्रथम काढिली असें नव्हे. ता. १५ जून १९२० रोजीं इंग्लंडांत चेम्सफर्ड येथील मार्कोनीच्या कारखान्यांतून नेली मेल्बा या विख्यात गायिकेचें गाणें आकाशांत सोडण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, १९२१ च्या ऑगस्टांत, टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबईंतील कचेरींतून टपाल व तार खात्याच्या साहाय्यानें संगीताचा एक कार्यक्रम झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास बसून ऐकिला. एका गव्हर्नरासाठीं एक संध्याकाळ होणें सोपें. रोजची संध्याकाळ सर्वांसाठीं करणें हें किती कठीण आहे तें कंपनीस लवकरच कळून आलें.

कंपनीचें भांडवल पंधरा लक्ष ठरलें होतें, पण जमले सहा लक्ष, आणि त्यांतील साडेचार लक्ष मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रें उभारण्यांतच गेले. ऐकणारानें वर्षास दहा रुपये परवान्याचे द्यावयाचे, त्यांतील आठ कंपनीस मिळावयाचे. परवाने मात्र तीन वर्षांतहि आठ हजारांपर्यंत पोंचले नाहींत. ते आठ हजार धरिले तरी उत्पन्न वर्षास चौसष्ट हजार. आणि खर्च सुरुवातीस महिन्यालाच सुमारें तेहतीस हजार! आयात यंत्रांवरील पट्टीची थोडी भर पडे, पण तिनें एवढें भगदाड बुजणें शक्य नव्हतें. ता. १ मार्च १९३० रोजीं कंपनी बुडाली. एक एप्रिलपासून सरकारनें केंद्रें आपल्याकडे घेतलीं. १९३१ च्या ऑक्टोबरांत तींहि बंद करण्याचें सरकारनें ठरविलें होतें; लोकांनीं ओरड केली तेव्हां नोव्हेंबरांत तो बेत मागें घ्यावा लागला. ऑल इंडिया रेडिओ हें नांव जून १९३६ पासूनचें. मुंबईस दहा किलोवॅटचें लघुलहरी यंत्र आलें तें १९३८ च्या फेब्रुवारींत, आणि त्यानंतर दूरच्या जिल्ह्यांस ऐकावयास पुष्कळच सोपें झालें.

आतां प्रत्यक्ष संध्याकाळीं काय ऐकावयाचें? गायन, वादन, बातम्या आणि भाषणें. गायनाविषयीं एक मोठा वाद या काळांत झाला, व तो आपल्या प्रांतास फार झोंबला. ता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस, म्हणजे हार्मोनियमला, आपल्या केंद्रांतून बंदी केली. कारण शास्त्रीय होतें. षड्जाचीं कंपनें २४० धरिलीं तर शुद्ध गंधाराचीं ३०० होतात. पेटीच्या समान केलेल्या पट्ट्यांत तोच गंधार ३०२ च्या वर जातो. शिवाय पेटीवर एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेतां येत नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि ज्यास तंबोऱ्याशीं कान लावण्याची संवय आहे त्यास तें ऐकूंहि येतें. परंतु मराठी संगीत नाटक ऑर्गनच्या स्वरांवर वाढलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं पेटीस स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. आणि पंढरीच्या वाटेवरील कितीतरी भजनी मंडळ्यांजवळ पेटी हेंच एक सुराचें साधन. आमच्या मतें शास्त्र बरोबर होतें व बंदी चुकीची होती. दोन कंपनांच्या फरकासाठीं एवढ्या लोकांचें वाद्य दाराबाहेर ठेवणें योग्य नव्हे. ही बंदी सुमारें तीस वर्षें टिकली व १९७१ पासून सैल झाली.

भाषणांचा प्रश्न याहून अवघड. सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या चारहि भाषा बोलणारीं घरें एका पेठेंत सांपडतात. यमन सर्वांस कळतो. भाषण एकाच भाषेंत होतें. परंतु भाषेपेक्षांहि मोठी अडचण अशी कीं कांहीं विषय कोणत्याच भाषेंत बोलावयाचे नसत. राजकीय वाद नभोवाणीवर येऊं द्यावयाचा नाहीं असें सरकारचें धोरण होतें. सरकारनें केंद्रें हातीं घेतलीं त्याच्या दुसऱ्याच महिन्यांत, मे १९३० मध्यें, सोलापुरांत लष्करी कायदा पुकारण्यांत आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस ता. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली. आरोग्य, शेती, प्रवास यांवरील भाषणें चांगलीं असतील; परंतु ज्या गोष्टीनें गांवांतील प्रत्येक घर हादरलें तिच्याविषयीं मोकळेपणें बोलण्यास त्या यंत्रांत जागा नव्हती. विद्यार्थ्यांनीं नभोवाणीचा इतिहास वाचतांना काय बोललें गेलें यापेक्षां काय बोललें गेलें नाहीं याचीहि नोंद ठेवावी.

१९४२ सालीं कांहीं तरुणांनीं ही जागा स्वतः केली. ता. २७ ऑगस्टपासून मुंबईंत काँग्रेस रेडिओ या नांवाचें गुप्त केंद्र चालूं झालें. त्याची लहर ४२.३४ मीटरांची होती. एवढी आंखूड लहर दिवसाच्या त्या गिळणाऱ्या थरांतूनहि बरीचशी निभावून जाते व वरून परत येते, म्हणून थोड्या शक्तीचें यंत्रहि दूरवर ऐकूं जातें. पोलिसांचा माग चुकविण्यासाठीं जागा वारंवार बदलावी लागे. बातम्या व भाषणें वाचून दाखविणारांत उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. ता. १२ नोव्हेंबरच्या रात्रीं पोलिसांनीं तिला पकडिलें, यंत्र जप्त केलें, आणि पुढें तिला चार वर्षांची शिक्षा झाली.